देवाच्या विड्यात नसलेले पान

सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगावर मांडलेले विडे आपण सर्वांनी पाहिलेले असतात. नागवेलीची दोन पाने, त्यांवर सुपारी, कधी खारीक-बदाम, वर एक नाणे. पूजा आटोपली, जेवणे झाली, की दुसरा विडा सुरू होतो. चंच्या सुटतात, अडकित्ते वाजू लागतात, चुन्याच्या डब्या फिरतात, आणि पानात किंवा नुसत्या तळहातावर तंबाखूची चिमूट येते. पहिल्या विड्यात मात्र ही चिमूट कोणी घालत नाही. घालू नये असे कोणी बजावलेले नसते. ती घालावी असे कोणाच्या मनातच येत नाही. एकाच घरात, एकाच दिवशी, हाताच्या अंतरावर असलेल्या या दोन विड्यांत असा फरक का पडला असावा?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे आणि त्या इतिहासातले काही धागे आपल्या जालना जिल्ह्यातून जातात. तंबाखू ही 'आपली फार जुनी परंपरा' आहे असे गावात सहज बोलले जाते. विद्यार्थीही ते ऐकतात. म्हणून ही परंपरा किती जुनी, ते आधी मोजून पाहू.

भोगवर्धनच्या लोकांना काय माहीत नव्हते?

जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी १९७३ च्या सुमारास येथे उत्खनन केले. सातवाहन काळातील हे भरभराटीचे व्यापारी गाव होते. येथे सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती थेट इटलीतल्या पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी नाते सांगते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथील माल रोमन साम्राज्यापर्यंत जात होता. पण या जगभर हिंडणाऱ्या व्यापाऱ्यांपैकी एकानेही तंबाखूचे पान पाहिलेले नव्हते. मिरची, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, पेरू यांतलेही काही त्यांनी पाहिलेले नव्हते. या साऱ्या वनस्पती अमेरिका खंडातल्या, आणि त्या खंडाशी आपल्या जगाचा संबंध १४९२ पर्यंत आलाच नव्हता.

विडा मात्र होता. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात राजाने तांबूल कसा घ्यावा याचे स्वतंत्र प्रकरण आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लिहिलेल्या 'लीळाचरित्रा'त तांबुळाचे उल्लेख वारंवार येतात; चक्रधरस्वामींचा वावर पैठण-भोकरदन परिसरात होता, त्यामुळे हा आपल्याच भागातला पुरावा म्हणायला हरकत नाही. पान, सुपारी, चुना, कापूर, लवंग, वेलदोडा असा सगळा सरंजाम त्या काळी तयार होता. तंबाखू नव्हती.

धूर ओढणेसुद्धा नवे नव्हते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'धूमपान' सांगितले आहे. वेलदोडा, चंदन, वाळा, गुग्गुळ अशा सुगंधी द्रव्यांचा लगदा बोरूसारख्या काडीवर लिंपायचा, आठ अंगुळे लांब आणि अंगठ्याएवढी जाड, मधे फुगीर व टोकांना निमुळती अशी वळी करायची, वाळल्यावर आतली काडी ओढून काढायची, आणि ही पोकळ वळी नळीत बसवून औषध म्हणून तिचा धूर घ्यायचा. वर्णन वाचताना चिरूट डोळ्यांसमोर येतो. मात्र त्यात निकोटीन नाही. अशा धुराची सवय जडत नाही. वैद्याने सांगितले तेवढ्या वेळा ओढायचा आणि थांबायचे. धूमपानाचा हा उतारा दाखवून 'आपले पूर्वजही तंबाखू ओढत' असे म्हणणाऱ्यांनी पुढचा घटकद्रव्यांचा श्लोक वाचलेला नसतो.

आता दोन विड्यांचे कोडे सुटू लागते. देवापुढचा विडा ज्या काळात ठरून गेला, त्या काळात तंबाखू नव्हती. पूजाविधी सहसा बदलत नाहीत. खडकात शिंपला अडकून राहावा तशी जुनी पाककृती त्यांत अडकून राहते. माणसाच्या विड्याला असे बंधन नव्हते. त्यात जागा होती, चुना तयार होता, चघळायची सवय तयार होती. नवा पाहुणा आला आणि घरचा होऊन बसला. अर्थात केवळ परकेपणा हे कारण पुरेसे नाही, हेही सांगितले पाहिजे. बटाटा, रताळे, शेंगदाणा, मिरची ही त्याच बाजूने आलेली मंडळी. पण ती आपल्या उपासाच्या ताटातसुद्धा बसली. तंबाखूला मात्र नैवेद्यात जागा मिळाली नाही. (तंबाखूने उपास मोडत नाही, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत, ही गोष्ट वेगळी.)

जिथे ती देवाची होती

अमेरिकेत याच्या उलट स्थिती होती. तिथे तंबाखू आधी देवाची, मग माणसाची. उत्तर अमेरिकेतील यूटा राज्यात एका जुन्या चुलीच्या राखेत तंबाखूच्या जळक्या बिया मिळाल्या असून त्या सुमारे १२,३०० वर्षांपूर्वीच्या ठरल्या आहेत. हे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधी माणसाने हे झाड ओळखले होते. मेक्सिकोतील पालेंके येथील माया लोकांच्या मंदिरात एक वृद्ध देव धूर ओढताना कोरलेला आहे. ॲमेझॉनच्या जंगलात मांत्रिक-वैद्य तंबाखूचा धूर किंवा रस इतक्या प्रमाणात घेत, की त्यांना गुंगी येई, भास होत. त्या अवस्थेत आपण आत्म्यांशी बोलतो, अशी त्यांची श्रद्धा असे. ही विषबाधेच्या अगदी काठावरची मात्रा होती आणि ते तिला धोकादायकच समजत. उत्तरेकडील मैदानी टोळ्यांत करार करताना, शपथ घेताना एकच नळी सर्वांनी ओढायची रीत होती. वर जाणारा धूर प्रार्थना घेऊन जातो, असे ते मानत. झाड तोडताना, मासा पकडताना जमिनीवर किंवा पाण्यात चिमूटभर तंबाखू वाहायचीही चाल होती, आणि काही टोळ्यांत ती आजही आहे.

आपण धूप-ऊद जाळतो, धुनी पेटती ठेवतो, त्यामुळे वर जाणाऱ्या धुराचा हा अर्थ आपल्याला परका वाटू नये. पण एक फरक लक्षात घ्यायला हवा. तिथल्या पुष्कळ समाजांत ही वस्तू प्रसंगाला बांधलेली होती. युरोपीय खलाशांनी ती उचलली तेव्हा झाड घेतले, रोजची तलफ घेतली. प्रसंग तिथेच सोडले. १४९२ मध्ये कोलंबसच्या दोन माणसांनी क्यूबा बेटावर लोकांना पानांच्या सुरळ्या ओढताना पाहिले. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत तंबाखू जगाच्या पाठीवर बहुतेक सर्वत्र पोहोचली. पोर्तुगालमधील फ्रेंच राजदूत झाँ निको याने १५६० मध्ये ती औषध म्हणून फ्रान्सच्या दरबारात पाठवली. 'निकोटियाना' हे वंशनाम आणि 'निकोटीन' हा शब्द या गृहस्थांच्या नावावरून आले. आपला 'तंबाखू' शब्द मात्र कॅरिबियन बेटांवरून निघून पोर्तुगीज 'ताबाको' आणि फारसी 'तंबाकू' अशा वाटेने मराठीत आला आहे.

असद बेगची भेट

जालन्याचा संबंध येथे येतो. अकबराचा इतिहासकार आणि मंत्री अबुल फज्ल १५९९ नंतर दख्खनच्या मोहिमेवर होता आणि काही काळ त्याचा मुक्काम जालन्यात होता, असे गॅझेटियरकारांनी नमूद केले आहे. त्याच्या 'ऐन-ई-अकबरी'त पिकांच्या, फळांच्या, भावांच्या तपशीलवार याद्या आहेत. अननस ह्या अमेरिकन फळाचा त्यांत समावेश आहे, पानविड्याचेही वर्णन आहे. तंबाखूचे नाव नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मोगल दरबाराला ती ठाऊक नव्हती, याचा हा चांगला पुरावा आहे.

ऑगस्ट १६०२ मध्ये दख्खनहून परतताना अबुल फज्लचा खून झाला. त्याच्या पदरी सतरा वर्षे असलेला असद बेग नावाचा इराणी सेवक पुढे बादशहाच्या नोकरीत गेला. अकबराने त्याला विजापूरला पाठवले. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी शाहजादा दानियालला द्यायची होती, ते काम पुरे करायचे होते. या मुलीची पाठवणी १६०४ मध्ये गोदाकाठी पैठणजवळ झाली. इतिहासकार फिरिश्ता तिच्या सोबतीला होता. पैठण हे आपल्या अंबड तालुक्याच्या शेजारचे. रामदासस्वामींचा जन्म याच जिल्ह्यातल्या जांब गावी १६०८ चा, म्हणजे या घटनेनंतर चारच वर्षांनी. काळाचा अंदाज यावा म्हणून हे सांगितले.

विजापुरात असद बेगने तंबाखू प्रथमच पाहिली. तिथे ती असणे स्वाभाविक होते, कारण १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी आदिलशाहीकडूनच घेतला होता आणि दोघांची सरहद्द एकच होती. असद बेगने रत्नजडित नळी, तिला यमनी अकिकाची तोटी, चांदीची बशी असा थाट करून ती आग्र्याला बादशहापुढे ठेवली. पुढचा प्रसंग त्याने स्वतः लिहून ठेवला आहे आणि तो विज्ञानाच्या शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. अकबराने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ झाला. त्याचे म्हणणे असे, की या द्रव्याचे गुण आपल्या कोणत्याही ग्रंथात दिलेले नाहीत. अपरिचित वस्तू बादशहाने घेऊ नये, आणि फिरंग्यांचे अनुकरण करण्याची आपल्याला गरज नाही. असद बेगने उलट विचारले, की फिरंगी काही मूर्ख नाहीत. कोणतीही वस्तू कधीतरी नवीच असते, मग तपासून पाहण्याआधी तिला वाईट कसे म्हणता? अकबराला हा युक्तिवाद आवडला. गंमत अशी, की वादात असद बेग जिंकला तरी अकबराने पुढे तंबाखू ओढली नाही. सरदारांनी मात्र मागून मागून नेली, व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली, आणि चाल झपाट्याने पसरली. १६१७ मध्ये जहांगीरने बंदी घातली. तिचा काही उपयोग झाल्याचे दिसत नाही.

वर्गात या वादावर मुलांचे दोन गट करून बघावेत. हकीम 'ग्रंथात नाही म्हणून नको' म्हणतो. हे वैज्ञानिक कारण नव्हे. असद बेग 'तपासा' म्हणतो. हे आपल्याला पटते. पण चूक कोणाची ठरली? तपासण्याची साधनेच तेव्हा कोणाकडे नव्हती. दोन झुरक्यांनी काय होते ते लगेच कळते. वीस-तीस वर्षांनी काय होते ते कळायला हजारो माणसांची मोजदाद लागते. ती पद्धत यायला अजून साडेतीनशे वर्षे होती.

तोवर तंबाखू संस्कृत ग्रंथांतही शिरली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १६०० ते १९०० या काळातील संस्कृत ग्रंथांतले तंबाखूचे उल्लेख शोधून एकत्र केले. 'तमाखु' असा घडवलेला शब्द, त्यावरच्या कोट्या आणि स्तुती-निंदा त्यांत सापडतात. शब्द संस्कृतात आला, की काही पिढ्यांत वस्तूही प्राचीन वाटू लागते.

धोतऱ्याची बहीण

आता झाडाकडे वळू. वांगी, मिरची, टोमॅटो, बटाटा, धोतरा, भुईरिंगणी या सर्वांचे कूळ एकच, सोलॅनेसी. तंबाखूही त्याच कुळातली. शाळेच्या कुंपणाला धोतरा असेल तर त्याचे फूल उघडून दाखवावे (हात मात्र नंतर धुवायला लावावेत). नळीसारखे पाकळ्यांचे तोंड, पाच पुंकेसर, ऊर्ध्वस्थ अंडाशय. तंबाखूचे फूल याच बेताचे, पण गुलाबी आणि लहान. बोंड वाळले की फुटते आणि आतून धुळीसारखे बी सांडते: एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक. एका झाडापासून लाखो बिया मिळतात. म्हणून तंबाखू शेतात पेरत नाहीत. गादीवाफ्यावर रोपे करून लावतात. दीड-दोन मीटर उंचीच्या या झाडाची पाने मोठी, देठ नसल्यासारखी खोडाला चिकटलेली, आणि सूक्ष्म ग्रंथियुक्त केसांमुळे हाताला चिकट लागणारी असतात.

लागवडीच्या मुख्य जाती दोन. निकोटियाना टॅबॅकम ही जगभरची, आणि निकोटियाना रस्टिका ही पिवळट फुलांची, बुटकी, पण निकोटीन अधिक असलेली. अमेरिकेतले मांत्रिक वापरत ती बहुधा ही रस्टिका. दोन्हींची गुणसूत्रे ४८, आणि दोन्ही निसर्गात दोन रानटी जातींच्या संकरातून जन्मल्या. आपल्याकडे ओढ्याकाठी, पडीक जागी निकोटियाना प्लम्बॅजिनिफोलिया ही परदेशी जाती तण म्हणून वाढते, तिला लोक रानतंबाखू म्हणतात. सह्याद्रीत ढवळ या उंच तुऱ्याच्या वनस्पतीलाही रानतंबाखू म्हणतात; ती दुसऱ्याच कुळातली, लोबेलिया. पण नाव देणारे अगदीच चुकले नाहीत, कारण तिच्यातले लोबेलीन हे द्रव्य शरीरात निकोटीनच्याच जागी जाऊन बसते.

निकोटीन पानात मिळते, तरी ते पानात तयार होत नाही. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने कलमांचा एक सुरेख प्रयोग केला. तंबाखूच्या मुळावर टोमॅटोचा शेंडा बांधला, तेव्हा टोमॅटोच्या पानांत निकोटीन साठले. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला, तेव्हा तंबाखूच्या पानांत ते जवळजवळ आढळले नाही. म्हणजे कारखाना मुळात, गोदाम पानात. एखाद्या अळीने पान कुरतडले, की संदेश मुळाकडे जातो आणि निकोटीनचे उत्पादन वाढते. शेतकरी शेंडा खुडतो तेव्हाही हेच घडते आणि पान 'कडक' होते. झाडाच्या दृष्टीने निकोटीन हे किडीला मारायचे विष आहे, आणि निकोटीन सल्फेट हे फवारणीचे औषध म्हणून कित्येक वर्षे वापरातही होते.

जालना जिल्हा तंबाखू पिकवणारा नव्हे. महाराष्ट्राच्या सीमेवरील निपाणी हा विडीच्या तंबाखूचा खरा मुलूख. तिथल्या शेतकऱ्यांनी भावासाठी १९८१ मध्ये केलेले आंदोलन आणि त्यात झालेला गोळीबार अनेकांना आठवत असेल. पण जालना ही बियाण्यांची राजधानी आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे महिको ही कंपनी सुरू केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात संध्याकाळी फुलातले पुंकेसर चिमट्याने काढणाऱ्या आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावणाऱ्या बाया आपल्या विद्यार्थ्यांच्या आया-बहिणीच असतात. हे तंत्र पद्धतशीरपणे प्रथम कोणत्या झाडावर वापरले गेले? तंबाखूवर. जर्मन शास्त्रज्ञ योसेफ केलरॉयटर याने १७६० मध्ये निकोटियाना रस्टिकाच्या किंजल्कावर निकोटियाना पॅनिक्युलाटाचे पराग टाकले. संकरित झाडे बरोबर दोघांच्या मधली निघाली, पण त्यांना नीट बी धरले नाही. त्याने त्यांना वनस्पतींतले खेचर म्हटले. आई-बापांची अदलाबदल केली तरी संकर तसाच निघतो, हेही त्याने दाखवले. म्हणजे संततीत दोघांचा वाटा सारखा. शंभर वर्षांनी मेंडेलने आपल्या निबंधात केलरॉयटरचे नाव आदराने घेतले. विषाणू हा प्रकारही जगाला कळला तो तंबाखूच्या पानावरच्या चट्ट्यांवरून: १८९२ मध्ये इव्हानोव्स्की, १८९८ मध्ये बायेरिंक. प्रयोगशाळेतले तंबाखूचे उपकार शेतातल्यापेक्षा फार मोठे आहेत, असे आम्हांला वाटते.

चुना कशाला?

तळहातावर तंबाखू घ्यायची, त्यात चुना टाकायचा, अंगठ्याने मळायची, दोन थापा मारून धूळ उडवायची आणि ओठाआड बार भरायचा. ही कृती मराठवाड्यात कोणाला शिकवावी लागत नाही. पण चुना का, असे विचारले तर 'चव येते', 'लागते' एवढेच उत्तर मिळते. 'लागते' हे उत्तर बरोबर आहे, कारण असे.

निकोटीन हे अल्कधर्मी द्रव्य. पानात ते आम्लांशी बांधलेले, क्षाराच्या रूपात असते. या रूपात त्याच्या रेणूवर विद्युतभार असतो, आणि भार असलेला रेणू तोंडाच्या अस्तरातून सहज आरपार जात नाही. चुन्याने सामू वाढला, की ते मोकळे होते. सामू ६ असताना शंभरातला जेमतेम एक रेणू मोकळा असतो; सामू ८ ला निम्मे; ९ ला सुमारे नव्वद. म्हणजे तंबाखूचे प्रमाण तेवढेच ठेवून चुना तिचा जोर कितीतरी वाढवतो. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने चुना किंवा राख घालून चघळतात, तेही याच कारणासाठी. रसायनशास्त्र कोणालाच ठाऊक नव्हते. जिभेने आणि तलफेने ते शोधून काढले. आपल्याकडे तर पानासाठी चुन्याची डबी चंचीत आधीपासून होतीच. तंबाखू पिचकारीच्या रूपात इतकी रुजली, याचे एक कारण ही तयार डबी आहे.

वर्गात तंबाखू आणण्याची गरज नाही. हळदीच्या पाण्याने रंगवलेल्या कागदाला ओला चुना लावला की तो लाल होतो. सामू म्हणजे काय ते कळते. मग आकडे फळ्यावर लिहावेत.

रक्तात गेलेले निकोटीन मेंदूतल्या काही ग्राहींवर बसते. ॲसिटिलकोलीन या शरीरातल्या संदेशवाहकाच्या या जागा. निकोटीन बनावट किल्लीसारखे त्यांत फिरते. धुराबरोबर ते दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. हुशारी वाटते, भूक मंदावते, नाडी जलद होते. वारंवार घेतल्यावर या ग्राहींची संख्या वाढते, आणि मग न घेतल्यास चिडचिड होते. तलफ ती हीच. कर्करोग मात्र मुख्यतः निकोटीनमुळे होत नाही. पाने वाळवताना, मुरवताना निकोटीन आणि त्याच्या भावंडांपासून नायट्रोसमाइन नावाची संयुगे बनतात. धुरात त्यांच्या जोडीला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतो. 'आम्ही ओढत नाही, नुसती खातो' किंवा 'मशेरी तर दातांसाठी' हा बचाव म्हणूनच टिकत नाही. भाजून केलेल्या मशेरीतही ही संयुगे असतात.

चिलीम, दहावा आणि नांदेड

तंबाखूला देवापुढे जागा नसली, तरी धर्मजीवनात ती अजिबात आली नाही असे नाही. तिने आडवाट धरली. साईसच्चरितातली चांद पाटलाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. धूपखेड्याचे हे पाटील हरवलेली घोडी शोधत असताना त्यांना फकीर भेटला. त्याने चिमटा जमिनीत खुपसून निखारा काढला, पाण्याने छापी भिजवली आणि चिलीम पुढे केली. शिर्डीतही साईबाबांची चिलीम भक्तांत फिरत असे. या गोष्टींत तंबाखूचे माहात्म्य नाही. एकाच्या ओठांची चिलीम दुसऱ्याने घेणे, तेही जातपात आणि हिंदू-मुसलमान न पाहता, यात त्या काळी फार मोठा अर्थ होता. अमेरिकेतल्या कराराच्या नळीशी याचे साम्य सहज दिसते. (ओली छापी धूर गार करते, राखेचे कण अडवते. निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड ती अडवीत नाही.)

दुसरी वाट दहाव्याची. पिंडाला कावळा शिवावा म्हणून मृताच्या आवडीचे पदार्थ ठेवतात, त्यांत खेड्यापाड्यांत कधी तंबाखूची पुडी असते, कधी विडी. गेलेल्या माणसाची तलफ तेथेही शिल्लक असेल, या मायेने ती ठेवलेली असते. शिक्षकांनी याची टिंगल करू नये, असे आम्हांला मनापासून वाटते. ज्या मुलाने कालच आजोबांसाठी पुडी ठेवली, त्याला ती परंपरा खोटी म्हणून सांगितल्यास तो पुढचे काहीच ऐकणार नाही. ती माया खरी आहे, आणि पुडी चारशे वर्षांपूर्वी गोव्याच्या बंदरातून आली हेही खरे आहे. दोन्ही त्याला सांगता येते.

तिसरा धागा नकाराचा. जालन्याहून रेल्वेने काही तासांवर नांदेड. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये तिथे देह ठेवला. खालसा पंथाच्या आचारसंहितेत ज्या चार गोष्टी वर्ज्य, त्यांतली एक तंबाखू. सचखंड एक्स्प्रेसने जालन्यावरून जाणारे यात्रेकरू तो नियम पाळतात. एकाच लोहमार्गाच्या परिसरात चिलीम वाटून घेणारी आणि तंबाखूला हातही न लावणारी अशा दोन्ही परंपरा नांदत आल्या आहेत. 'परंपरा म्हणते' या शब्दांनी वाक्य सुरू झाले, की कोणती परंपरा, हे विचारावे ते यासाठी.

मोजदाद

असद बेगने मागितलेली तपासणी अखेर झाली, आणि तिचा एक महत्त्वाचा भाग मुंबईत झाला. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. युरोपात क्वचित दिसणारा हा रोग येथे इतका का, आणि तोही गालाच्या आत, जिभेच्या कडेला का, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या सवयींची तुलना करून दाखवले, की खाणाऱ्यांत आणि ओढणाऱ्यांत रोगाची जागाही वेगळी असते. जेथे बार ठेवला जातो, तेथे रोग होतो. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगावरचा निबंध १९५० मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्याही आधी खानोलकरांचे काम सुरू झाले होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत डॉल यांचे नाव कधीतरी येते. खानोलकरांचेही यायला हवे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. त्यांत ओढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची घेणारे २४.४ टक्के, काही जण दोन्हींत येतात. म्हणजे सिगारेटचे चित्र काढून त्यावर फुली मारलेले भित्तिपत्रक आपल्या शाळेत लावले, तर ते आपल्या गावाबद्दल फारसे काही सांगत नाही. येथे चित्र हवे ते तळहाताचे. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विक्री करणे गुन्हा ठरवले. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. सहावी-सातवीच्या मुलांना मोजपट्टी देऊन फाटकापासून हे अंतर चारी दिशांना मोजायला लावावे, आणि शाळेच्या नकाशावर वर्तुळ काढून त्याच्या आत काय काय येते ते भरायला सांगावे.